फाउंटन आणि हुतात्मा : एका चौकाची दोन नावे

अकलोलीत माणसे जमतात ती कुंडांपाशी. तानसेच्या काठी, रामेश्वराच्या देवळाजवळ, जमिनीतून ऊन पाणी वर येते आणि त्याच्याभोवती गाव, यात्रेकरू, गुडघे दुखणारे म्हातारे, वज्रेश्वरीचे दर्शन आटोपून आलेली कुटुंबे असा सगळा मेळा भरतो. मराठी मुलखाला मोकळ्या चौरस जागेचे, म्हणजे युरोपीय शहरातल्या चौकाचे, वेड कधी नव्हते. आपल्याकडे पार होता, चावडी होती, पाणवठा होता आणि चव्हाटा होता. दक्षिण कोकणात तर चव्हाटा हे देवस्थानच असते. मात्र भाषेने या शब्दाला दिलेला अर्थ पाहण्यासारखा आहे: गोष्ट चव्हाट्यावर येणे म्हणजे झाकलेले उघडे पडणे. चार वाटा जिथे मिळतात तिथे काही लपून राहत नाही, हे आपल्या पूर्वजांनी एका वाक्प्रचारात सांगून ठेवले आहे.

हे आठवण्याचे कारण मुंबईतला एक चौक. त्याच्याही मधोमध पाणी आहे. अकलोलीवरून जी तानसा वाहते तिला वर शहापूर तालुक्यात १८९२ मध्ये धरण घालून मुंबईने आपली तहान भागवली. त्या अर्थाने आमचे आणि त्या शहराचे नाते पाण्याचे आहे. पण चौकातले कारंजे तानसेहून जुने. ते उभे राहिले १८६४ मध्ये. त्या आधी चारच वर्षे, १८६० मध्ये, विहार तलावाचे पाणी नळाने शहरात पोचले होते. विहिरी आणि तळ्यांवर जगणाऱ्या गावाला पाणी शोभेसाठी उडवणे परवडत नसते. नळ आला, मग कारंजे आले.

कारंजे आले खरे, पण ते या जागेसाठी नव्हते. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यान संस्थेला ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, बसवायचे होते. रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुकाराने आराखडा केला, जेम्स फोर्सिथने मूर्ती घडवल्या, पोर्टलंडचा दगड इंग्लंडहून आला. करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी मोठी देणगी दिली. कारंज्याला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव द्यावे असा विचार होता. तो मागे पडला आणि शिखरावर उभी असलेली फुलांची रोमन देवता फ्लोरा हिच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. हा तपशील किरकोळ वाटेल. त्याचे महत्त्व पुढे शंभर वर्षांनी कळते.

जागा मोकळी कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी मुंबईच्या वस्तीभोवती तट बांधला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो, बाजार आणि चर्चगेट. तिसऱ्याचे नाव १७१८ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट थॉमस चर्चवरून पडले. आज आपण गाडीने चर्चगेटला उतरतो तेव्हा जिथे चर्च नाही आणि गेटही नाही अशा जागी उतरतो. तो दरवाजा होता फ्लोरा उभी आहे त्याच्या आसपास. १८६० नंतरच्या काही वर्षांत, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढलेले असताना आणि मुंबईत पैशाचा पूर आलेला असताना, फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. तटासाठी रुंदावलेली जमीन सुटली, तिच्यावर रस्ते आले, आणि जिथे दरवाजा होता तिथे कारंजे आले. आत आणि बाहेर यांच्यामधली रेघ पुसून हा चौक तयार झाला आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. मराठीतले हे पहिले नगरवर्णन कारंज्याआधी एक वर्ष छापले गेले. ज्या शहराचे वर्णन त्यांनी केले ते छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत बदलू लागले होते. लेखकांच्या वाट्याला असे अनेकदा येते.

तट पडला तरी रेघ पूर्णपणे पुसली गेली असे समजण्याचे कारण नाही. पुढची नव्वद वर्षे फाउंटन हे पेढ्या, बँका, न्यायालये आणि युरोपीय दुकाने यांच्या मुंबईचे नाक होते. हॉर्नबी रोड, एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट हे रस्ते इथे मिळत. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची. ट्रामने परळ-लालबागचा माणूस फोर्टात येऊ लागला. शिपाई म्हणून आला, कारकून म्हणून आला, चौकात थांबण्याचे त्याला काही कारण नव्हते. गिरणगावचे जगणे उत्तरेला, मुंबईचा पैसा दक्षिणेला, आणि दोहोंच्या मधला प्रवास एका आण्यादोन आण्यांचा.

तो माणूस या चौकात एक मागणी घेऊन आला ती १९५५ च्या नोव्हेंबरात. पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक असेल, तरी क्रम सांगतो. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये बाहेर आला. आंध्र, केरळ, कर्नाटक यांना भाषेचा न्याय मिळाला, मराठीला मिळाला नाही. आयोगाने गुजरातसह द्विभाषिक मुंबई आणि वेगळा विदर्भ सुचवला. मग काँग्रेसच्या श्रेष्ठींनी तीन राज्यांचा तोडगा काढला: महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई शहर. मुंबई ज्यांनी हाताने उभी केली त्यांना मुंबई वगळून महाराष्ट्र घ्या, असे सांगण्यात येत होते. २० नोव्हेंबरला चौपाटीवर स. का. पाटील आणि मोरारजी देसाई यांची सभा झाली आणि लोकांनी ती उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप होता आणि कामगार विधिमंडळाकडे निघाले. विधिमंडळ तेव्हा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे, आज तिथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. उत्तरेकडून तिकडे जाणारी वाट फाउंटनवरून जाते.

पोलिसांनी मोर्चा फाउंटनपाशी अडवला. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला, आणि मग गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा माणसे मेली. म्हणजे जुना दरवाजा जिथे होता तिथेच, दरवाजा जाऊन नव्वद वर्षे उलटल्यावर, माणसांना पुन्हा अडवले गेले. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. शहरातल्या काही जागांना आडवे येण्याची सवय असते. वाटा जिथे एकत्र येतात तिथेच त्या बंद करणे पोलिसांना सोपे जाते, एवढेच त्याचे साधे स्पष्टीकरण आहे.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली आणि शहर पेटले. गोळीबार आता एका चौकापुरता राहिला नाही, तो चाळींपर्यंत गेला. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. नोव्हेंबरात द्विभाषिक राज्य आले आणि त्याच महिन्यात अत्र्यांचा ‘मराठा’ सुरू झाला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली. १ मे १९६० रोजी राज्य झाले. ही सगळी कथा शालेय पुस्तकांत आहे, ती इथे लांबवत नाही. १९६० मध्ये चौकाला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले आणि पुढे कारंज्याजवळ मशाल उंचावलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक उभे राहिले.

इथे क्षणभर पॅरिसला जाऊन यावेसे वाटते. तिथल्या सर्वांत मोठ्या चौकाच्या मध्यभागी पंधराव्या लुईचा अश्वारूढ पुतळा होता आणि चौकाला त्याचेच नाव होते. क्रांती झाली, १७९२ मध्ये पुतळा पाडला गेला, चौक ‘क्रांतीचा चौक’ झाला. २१ जानेवारी १७९३ रोजी त्याच चौकात सोळाव्या लुईचे मुंडके उडवले गेले. १७९५ मध्ये नाव पुन्हा बदलून ‘सलोख्याचा चौक’, प्लास द ला काँकोर्द, असे ठेवण्यात आले. त्यानंतरही राजे परत आले तशी नावे फिरली. शेवटी १८३६ मध्ये तिथे इजिप्तहून आणलेला लक्सरचा स्तंभ उभारला. तीन हजार वर्षांपूर्वीचा, परक्या लिपीचा, फ्रान्समधल्या कोणत्याही भांडणाशी संबंध नसलेला दगड. ज्या जागेवरून भांडण मिटत नाही तिथे कोणालाच काही आठवू नये अशी वस्तू ठेवायची, हा तो उपाय होता. सलोखा हे नाव तिथे विसरण्याला दिलेले आहे.

मुंबईने असे केले नाही. १९६५ मध्ये शहरातले इंग्रज सत्ताधाऱ्यांचे पुतळे हलवले गेले. फाउंटनपासून चालत पाच-सात मिनिटांवर युवराज एडवर्डचा १८७९ सालचा अश्वारूढ पुतळा होता. तो काळा घोडा राणीच्या बागेत गेला. नाव मात्र त्या जागी राहिले, आणि गंमत म्हणजे नावात राजपुत्र कधीच नव्हता, घोडाच होता. २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा आला तोही स्वाराशिवाय. अरुण कोलटकरांनी ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये दिला तेव्हा घोडा जाऊन चार दशके होत आली होती. जे तिथे नाही त्याच्या नावाच्या बेटावर जे आहेत, त्या झाडूवाल्या, भिकारी, कुत्री यांच्याकडे हा कवी वेसाईड इनमध्ये बसून पाहत राहिला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने हे दोन चौक शेजारी ठेवून वाचावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते.

फ्लोरा मात्र वाचली. कारंजे फ्रिअर यांच्या नावाने उभे राहिले असते आणि त्यावर त्यांची मूर्ती असती, तर ती १९६५ मध्ये काळ्या घोड्याच्या मागोमाग बागेत गेली असती यात मला शंका वाटत नाही. फुलांच्या देवीवर राग धरायला कोणाजवळ कारण नव्हते. तेव्हा चौकात आज दोन मूर्ती आहेत: एक रोमन देवी आणि तिच्या शेजारी मशाल घेतलेले शेतकरी-कामगार. कलादृष्टीने त्यांचे काही जमत नाही. दगड वेगळा, धातू वेगळा, उंची वेगळी, दृष्टी वेगळीकडे. अनेक सुसंस्कृत मित्र या विसंगतीवर नाक मुरडतात. मला ती विसंगतीच या चौकाची खरी कमाई वाटते. इथे एका स्मृतीने दुसरीला हाकलले नाही. शहर कोणाच्या पैशाने सजले आणि कोणाच्या रक्ताने मराठी राज्यात राहिले, दोन्ही गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात दिसतात आणि एकमेकींना सोईस्कर होत नाहीत.

नावांचेही तसेच. ‘फाउंटन’ म्हणणारा माणूस हुतात्म्यांचा अवमान करतो, असा आक्षेप वरचेवर घेतला जातो. हा आक्षेप मला पटत नाही. १९५५ च्या मोर्च्यात चालणारेही ‘फाउंटन’च म्हणत होते, आणि त्या गोळीबाराला लोक आजही फ्लोरा फाउंटनचाच गोळीबार म्हणतात. माणसे जिथे पडली त्या जागेचे त्या क्षणीचे नाव ते होते. ते विसरलो तर गोळी कुठे झाडली गेली हेच विसरू.

मला अडचण वाटते ती निराळ्या ठिकाणी. ‘हुतात्मा’ हा शब्द पाहा. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. ‘शहीद’ऐवजी मराठीने हा शब्द स्वीकारला, त्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते, आणि मशालीच्या शिल्पाशी तो जुळतोही. परंतु आहुतीत देणाऱ्याची इच्छा गृहीत असते. गोळीबारात मेलेला प्रत्येक जण मरणाचा संकल्प करून घरून निघाला होता काय? मोर्च्यातला माणूस मागणी घेऊन गेला होता आणि संध्याकाळी घरी परतणार होता. कोणी नुसता रस्त्यावर असेल, कोणी दारात. त्यांना मारले गेले. शब्दाने मात्र कर्मणी प्रयोगाचा कर्तरी केला, आणि गोळी झाडणारा कर्ता वाक्यातून अलगद नाहीसा झाला. श्रद्धेच्या शब्दांकडे इतक्या बारकाईने पाहू नये असे म्हणतील. पण भाषेच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या स्मारकासमोर तरी व्याकरण विचारायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट आकड्याची. दीर्घकाळ आपण ‘एकशे पाच हुतात्मे’ म्हणत आलो. पुढे एकशे सहा झाले, अलीकडे एकशे सात असेही म्हटले जाते. आकडा पाठ असतो, नावे वाचलेली नसतात. मी वर्गात विचारून पाहिले आहे. मराठी घेऊन पदवी करणाऱ्या मुलामुलींना आकडा लगेच सांगता आला, एक नाव सांगा म्हटल्यावर शांतता पसरली. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या वयाचा असताना मलाही एक नाव सांगता आले नसते.

मग आम्ही ती यादी वर्गात मोठ्याने वाचली. यादी वाचताना काय दिसते? बहुसंख्य नावे अपेक्षित तशी आहेत: पवार, मोरे, सावंत, घाडीगावकर. पण मधेच एक गुजराती शेठ येतो. मधेच महमद अली येतात, ख्रिस्ती साळवी येतात, एक पांडे येतात, दक्षिणेकडले वाटणारे एक करपैया येतात. मराठीच्या राज्यासाठी झालेल्या गोळीबारांत मराठी न बोलणाऱ्या घरांतली माणसेही मेली. मुंबई कोणाची या प्रश्नावर आज जी भाषणे होतात, मग ती कोणत्याही बाजूची असोत, त्यांपैकी एकालाही ही यादी सोईची नाही. मोर्च्याच्या घोषणेत एक भाषा होती, गिरणीच्या पाळीत अनेक होत्या, आणि गोळी पाळीवर आली.

यादीच्या शेवटाकडे आणखी एक गोष्ट थांबवते. काही नावांपुढे कंसात गावे आहेत: बेळगाव, निपाणी. निपाणीच्या कमलाबाई मोहिते त्यांतल्या एक. या माणसांनी ज्या राज्यासाठी जीव गमावला ते १९६० मध्ये झाले, पण त्यांची गावे त्यात आली नाहीत, आजही नाहीत. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही लावणी मुंबईला आलेल्या कामगाराच्या विरहातून निघते आणि अखेरीस बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या विरहापाशी पोचते. राज्य झाले तेव्हा त्या लावणीचा मुंबईपुरता भाग पुरा झाला. उरलेला भाग तसाच राहिला आहे. हुतात्मा चौक हे विजयाचे स्मारक म्हणून आपण पाहतो. निपाणीहून येणाऱ्या माणसाला ते तसे दिसत नसेल.

माझ्यासारख्यांनी मात्र या चौकावर प्रेम केले ते इतिहासासाठी नव्हे, जुन्या पुस्तकांसाठी. फाउंटनपासून चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर पदपथाला लागून पुस्तकांचे ढीग असत. इंग्रजी समीक्षेची महागडी पुस्तके, कोणाच्या तरी ग्रंथालयाचा शिक्का बसलेली, आमच्या पिढीच्या अनेक प्राध्यापकांनी तिथेच घासाघीस करून घेतली. विक्रेत्याला लेखक ठाऊक असे, आवृत्ती ठाऊक असे आणि गिऱ्हाइकाची ऐपतही. २००५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत बहुतेक ढीग उठले. नंतर थोडे परत आले, पूर्वीची रया आली नाही. भिवंडी तालुक्यातल्या खेड्यातून एसटी आणि लोकल बदलत फोर्टात जायचे ते या ढिगांसाठी, आणि परतताना पिशवी जड व खिसा हलका असायचा.

कारंजे तेव्हा बहुतेक कोरडे असे. त्यावर वर्षानुवर्षे पांढऱ्या रंगाचे थर चढवलेले होते, दगड दिसतच नव्हता. अलीकडे जीर्णोद्धार झाला, थर खरवडले गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये पाणी पुन्हा वाहू लागले. कामाच्या वेळी खोदताना ट्रामचे जुने रूळ सापडले. शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चअखेरीस धावली होती, रूळ वर डांबर घेऊन तसेच पडून राहिले होते.

मोर्चे आता इथवर येत नाहीत. न्यायालयाच्या आदेशानंतर निदर्शनांना आझाद मैदानाचा ठरावीक भाग नेमून दिलेला आहे. वाहतुकीच्या दृष्टीने ते योग्यच असेल. २१ नोव्हेंबरला आणि १ मे रोजी नेते येतात, पुष्पचक्र वाहतात, जातात. एरवी चौक ओलांडणाऱ्यांचा असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि चौकाखाली ‘हुतात्मा चौक’ नावाचे स्थानक आले. साठ-पासष्ट वर्षे जे नाव पाटीवर होते ते आता ध्वनिक्षेपकातून दर काही मिनिटांनी ऐकू येते. त्याच मार्गावर वरळीला ‘आचार्य अत्रे चौक’ आहे. तिथे बसले की गिरगाव, काळबादेवी मागे पडते, मग हुतात्मा चौक येतो, मग चर्चगेट, आणि त्याच्या पुढचे स्थानक विधान भवन. पूर्वी मोर्चा ज्या दिशेने निघाला होता तीच दिशा. मागच्या खेपेला मी त्या गाडीत होतो. हुतात्मा चौकाला दार उघडले, काही माणसे उतरली, काही चढली, आणि गाडी पुढे गेली.